उत्तेजक व्यसनावरील औषधांची सुरक्षितता-चाचणी

कोकेन, मेथॅम्फेटामिन, मेफेड्रॉन अशा उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर द्यायचे औषध रुग्णाला अपाय करत नाही ना, हे टप्प्याटप्प्याने पडताळण्याची वैद्यकीय पद्धत. गर्दच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आहेत, दारूवर डायसल्फिराम आणि नाल्ट्रेक्सोन आहेत. उत्तेजकांसाठी मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केलेले एकही औषध नाही. म्हणून नैराश्य, फिट किंवा दारू सोडवण्यासाठीची जुनी औषधेच येथे आजमावली जातात.

सोलापुरात हा प्रश्न ‘एमडी’ या नावाने ओळखीचा आहे. एमडी म्हणजे मेफेड्रॉन. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत ते बनवणारा कारखाना पकडला, तेव्हा एमडी मुंबई-पुण्यापुरते आहे हा समज उरला नाही.

नव्या औषधाची पहिली चाचणी सहसा निरोगी माणसांवर होते. येथे तेवढ्याने भागत नाही, कारण उपचार चालू असताना रुग्ण पुन्हा पुडीकडे वळण्याची शक्यता मोठी असते. उत्तेजकाने नाडी, रक्तदाब आणि अंगातील उष्णता वाढते. त्यात औषधाची भर पडली तर काय होईल, हे आधी कळायला हवे. त्यासाठी अमेरिकेत आंतरक्रिया-चाचण्या झाल्या. आधीपासून कोकेन घेणाऱ्या आणि उपचार न मागणाऱ्या व्यक्तींना वॉर्डात भरती करून औषध सुरू करतात, मग शिरेतून कोकेनची मोजून थोडी मात्रा देतात. छातीला ईसीजीच्या तारा, दंडाला काही मिनिटांनी आपोआप फुगणारा पट्टा आणि हाताशी तातडीची औषधे घेतलेले डॉक्टर. आकडे ठरलेल्या मर्यादेत राहिले तरच पुढची मात्रा. व्यसन सोडू पाहणाऱ्याला या प्रयोगात घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. डायसल्फिरामने रक्तातील कोकेनचे प्रमाण वाढते, ही धोक्याची गोष्ट अशाच अभ्यासांतून पुढे आली.

औषधाचा गुण आणि धोका एकत्रच तोलावे लागतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मेथॅम्फेटामिनचे व्यसन असलेल्या ४०३ जणांपैकी काहींना दर तीन आठवड्यांनी नाल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि रोज नैराश्यावरच्या ब्युप्रोपियॉनच्या गोळ्या दिल्या. अखेरच्या चार लघवी-तपासण्यांपैकी किमान तीन स्वच्छ निघण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १३.६ टक्के, तर नुसते औषधासारखे दिसणारे द्रव्य घेणाऱ्यांत २.५ टक्के होते. गुण आहे, पण थोडा. म्हणून त्यासाठी पत्करायचा धोकाही थोडाच असावा.

हा धोका रुग्णाच्या रोजच्या कामावरून ठरतो. ब्युप्रोपियॉनने फिट येण्याची शक्यता वाढते. चालू यंत्रमागापाशी उभ्या कामगाराला फिट आली तर हात जाऊ शकतो. नाल्ट्रेक्सोन अफूवर्गातील वेदनाशामकांना अडवते, म्हणजे अपघातानंतर ट्रॅमाडोल किंवा मॉर्फिन नेहमीसारखे लागू पडत नाही. अशा रुग्णाने इंजेक्शन चालू असल्याचे कार्ड खिशात ठेवलेच पाहिजे. फिटवरच्या टोपिरामेटने घाम कमी येऊ शकतो. मेमध्ये पारा ४२ अंशांवर, मागाच्या शेडला पत्रा आणि अंगात एमडी. अशा वेळी घाम न येणे ही किरकोळ तक्रार नव्हे. सोलापुरात चाचणी घ्यायची तर कामाची पाळी, ऊन आणि कामाची जागा हे प्रश्न तपासणीच्या पहिल्याच कागदावर हवेत.

संमतीचाही येथे वेगळा विचार करावा लागतो. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शिवाय उर्दू. नुसते मराठी संमतीपत्र पुढे करून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो आणि त्याला सहभागी व्यक्तीची भाषा यायला हवी. भारतात अशा चाचण्या २०१९च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार चालतात: किमान सात सदस्यांच्या नीतिसमितीची मंजुरी, गंभीर अपाय झाल्यास २४ तासांत कळवणे, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई. पोलिसांच्या भीतीने माणूस खरे सांगत नाही आणि खरे कळले नाही तर मात्रा चुकते. म्हणून नोंदींची गुप्तता हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

गैरहजर माणूस हा सर्वांत अवघड. गुण मोजताना चुकलेली लघवी-तपासणी बहुधा ‘नशा केली’ अशी धरतात. सुरक्षिततेच्या हिशेबात असे धरून चालत नाही. तो कंटाळून थांबला, कामासाठी भिवंडीला गेला, की औषधाने चक्कर येऊन घरी पडून आहे, हे त्याला फोन करून किंवा घरी जाऊनच कळते. फोन लागला नाही तर बायकोला किंवा मागावरच्या जोडीदाराला विचारावे लागते, तेही कशासाठी विचारतो आहोत हे न फोडता. त्यासाठी कोणाला फोन केलेला चालेल, हे पहिल्याच दिवशी त्याच्याकडून लिहून घेतात.