द स्नो चाइल्ड

एओविन आयव्ही या अमेरिकन लेखिकेची पहिली कादंबरी (२०१२). ती ‘स्नेगुरोच्का’ या रशियन लोककथेवर बेतलेली आहे. मूलबाळ नसलेले म्हातारा-म्हातारी बर्फाची मुलगी घडवतात, ती जिवंत होते, घरभर बागडते आणि ऊन तापू लागले की विरघळून जाते. काही पाठांत शेकोटीवरून उडी मारताना तिची वाफ होते. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी या विषयावर ऑपेराही रचला. अलास्कातील पामर गावी पुस्तकांच्या दुकानात काम करताना या कथेचे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक आयव्हींच्या हाती पडले आणि कादंबरीचे बीज रुजले.

काळ १९२०चा. पन्नाशीच्या घरातले जॅक आणि मेबल पेनसिल्व्हेनिया सोडून अलास्कात शेती करायला आले आहेत. दहा वर्षांपूर्वी त्यांचे बाळ मृत जन्मले. जॅकने त्याला एकट्यानेच पुरले, मेबलने ते पाहिलेही नाही आणि त्यानंतर या विषयावर दोघांत अवाक्षर निघाले नाही. मुलगा होता की मुलगी, हे ती फार उशिरा विचारते. मुलगा होता आणि जॅकने त्याला नावही दिले होते, हे तेव्हा कळते. कादंबरीचे खरे काळीज या संभाषणात आहे. बर्फातल्या मुलीची अद्भुतता त्यानंतर येते.

पहिल्या हिमवर्षावाच्या रात्री दोघे हसतखेळत बर्फाची मुलगी करतात आणि तिला हातमोजे, मफलर घालतात. सकाळी पुतळा मोडलेला, मोजे-मफलर गायब, आणि पावलांचे ठसे तिथून निघून रानाकडे गेलेले. पुतळ्याकडे येणारे मात्र एकही नाहीत. पुढे लाल कोल्ह्यासोबत फिरणारी फाइना नावाची मुलगी त्यांच्या आयुष्यात येते. ती ससे फासात धरते, हंस मारते. तिच्या बापाचे प्रेत जॅक स्वतः पुरतो, म्हणजे ती रानात उरलेली अनाथ पोरही असू शकते. लेखिका निवाडा देत नाही. फाइना समोर असते तेव्हा संवादांची अवतरणचिन्हेसुद्धा गळून पडतात आणि ती खरोखर बोलली की नाही, हा संशय वाचकाच्याही मनात राहतो.

मूळ कथेचा शेवट मेबलला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तिची माया सतत धास्तावलेली असते. बहीण एडा तिला पत्रातून कळवते की आपल्या गोष्टीचा शेवट आपण का ठरवू नये. फाइनाचे शेजारच्या गॅरेटशी लग्न होते, मूल होते, आणि तरीही ती निघून जाते. नातू मात्र मागे राहतो. लोककथेत नसलेली ही भर हेच आयव्हींचे सर्वांत धाडसी पाऊल. २०१३च्या पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत ही कादंबरी होती.