चकमकी पिस्तूल : मूळ व कारागीर यांची ओळख

पिस्तुलाच्या घोड्याच्या (चाप ओढताच आपटणाऱ्या भागाच्या) जबड्यात धरलेली गार, म्हणजे चकमकीचा दगड, पोलादी पात्यावर आपटून उडणाऱ्या ठिणगीने रंजक (मुख्य बार पेटवणारी थोडी दारू) पेटवणारे ठासणीचे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारूगोळा ठासून भरायचे, पिस्तूल. ही रचना सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आकाराला आली आणि १८४० च्या सुमारास टोपीच्या बंदुकांनी (घोड्याच्या आघाताने पेटणारी स्फोटक टोपी वापरणाऱ्या) तिला मागे टाकले. असे पिस्तूल कोठले व कोणाचे, हे ठरवताना भरवसा आधी नळीवरच्या ठशांवर ठेवावा, कोरलेल्या नावावर सर्वांत शेवटी.

नाव फसवते याची कारणे साधी आहेत. इटलीतील ब्रेशाजवळच्या गार्दोने खोऱ्यातल्या लाझारिनो कोमिनाझ्झो या नळीकाराची ख्याती एवढी, की त्याचे नाव इतरांनी आपल्या नळ्यांवर सर्रास कोरले. बर्मिंगहॅमच्या मालावर ‘लंडन’ लिहिलेले असणे तर नित्याचेच, कारण लंडनच्या नावाला भाव होता. शिवाय नळी एकाची, घोड्याची यंत्रणा दुसऱ्याची, दस्ता तिसऱ्याचा, आणि वर नाव विकणाऱ्याचे, असाही प्रकार चाले.

ठसा मात्र सहसा नळीची चाचणी कोठे झाली ते सांगतो. नव्या नळीत जादा दारू ठासून बार काढत. नळी टिकली तर तिच्यावर ठसा बसे. लंडनच्या बंदूककार मंडळाचे (सनद १६३७) ठसे म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली ‘जीपी’ अक्षरे आणि मुकुटाखाली ‘व्ही’. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने आले. मुकुट, एकमेकांना छेदणारे राजदंड आणि ‘बीपीसी’ ही त्याची खूण. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ असेल तर नळीची चाचणी बेल्जियममधील लिएजची. त्यावर मुकुटही असेल तर ती १८९३ नंतरची. हे ठसे अनेकदा नळीच्या खालच्या अंगाला, दस्त्यात लपलेले असतात. नळी उतरवल्याशिवाय ते दिसत नाहीत.

ब्रिटिश लष्करी पिस्तुलावर घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट, राजाची आद्याक्षरे व ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवर किल्ल्यातले शस्त्रागार) हा शब्द आढळतो. १७६४ पर्यंत तेथे कंत्राटदाराचे नाव व सालही असे. पुढे ते बंद झाले. फ्रेंच लष्करी पिस्तुलावर शार्लव्हिल, सेंत-एतियेन किंवा मोबज अशा कारखान्याचे नाव असते. पूर्ण धातूचे, चापाला कडे नसलेले, मुठीला मेंढ्याच्या शिंगांसारखी टोके असलेले पिस्तूल दिसले, तर स्कॉटलंडमधले डून हे गाव प्रथम आठवावे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवर आधी हृदयाकृती शिक्का असे. १८०८ च्या सुमारास त्याची जागा मुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. म्हणून सिंहाचे पिस्तूल १८०३ च्या असईच्या लढाईतले म्हणून कोणी दाखवले, तर ती कथा ऐकून घ्यावी आणि पिस्तूल परत द्यावे.

चांदीकाम असल्यास काम सोपे होते, कारण चांदीवरच्या शुद्धतेच्या ठशातले अक्षर साल देते. अर्थात ते साल चांदीचे, नळी त्याहून जुनी असू शकते. अनेक पिस्तुले पुढे टोपीची करून घेतली गेली, आणि त्यांतली काही अलीकडे विक्रीसाठी पुन्हा चकमकीची केलेली असतात. रंजकाच्या भोकाजवळ भरलेला किंवा डागलेला धातू दिसला, तर संशय घ्यावा.

हाताळण्याआधी नळीत गज घालून तो किती आत जातो ते नळीच्या बाहेरच्या लांबीशी ताडून पाहावे. जुनी ठासणीची हत्यारे भरलेली निघतात. गंज काढायला पॉलिश कागद मात्र वापरू नये. त्याने ठसाच आधी जातो.