कॉलेजचा की डिपार्टमेंटचा? हॉकीतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात मैदानाच्या कडेला उभं राहून खेळाडू जोखणारे पोत्यानं मिळतात. मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमवर सामना असला की त्यांच्यात दोन मतं हमखास ऐकू येतात. एक असं, की कॉलेजची पोरं जीव तोडून खेळतात आणि एकदा पैसे मिळायला लागले की अंगचोरी सुरू होते. दुसरं नेमकं उलट: कॉलेजची हॉकी म्हणजे हौस, खरी हॉकी लीगमध्ये, बाकी सगळा टाइमपास. दोन्ही बाजू ठासून बोलतात आणि दोन्हींकडे दाखले तयार असतात.

पण हा वाद ज्या दोन गटांवर उभा आहे, ते गट भारतीय हॉकीत बरीच दशकं अस्तित्वातच नव्हते. आपल्याकडे कॉलेज होतं आणि कॉलेजच्या पलीकडे नोकरी होती. कराराचे पैसे घेऊन लीग खेळणारा खेळाडू देशात दिसू लागला तो २००५ नंतर, तोही मधूनमधून. त्याआधीचा मोठा खेळाडू पगार घ्यायचा, पण तो लष्कराचा, रेल्वेचा, पोलिसांचा किंवा एखाद्या कंपनीचा, म्हणजे ‘डिपार्टमेंट’चा.

सुरुवात १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकपासून करायला हवी, कारण तिथे एकाच संघात दोन्ही वाटा दिसतात. कर्णधार जयपालसिंग मुंडा ऑक्सफर्डचे. विद्यापीठाच्या संघातून खेळून ‘ब्लू’ हा तिथला खेळाडूंचा मान मिळवलेले आणि आयसीएसची, म्हणजे ब्रिटिशांच्या सनदी सेवेची, उमेदवारी करत असलेले. ऑलिंपिकसाठी त्यांना रजा मिळेना, तरी ते गेले. परत आल्यावर उमेदवारीचं एक वर्ष वाढवून करा असं सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी आयसीएसवरच पाणी सोडलं. कॉलेजच्या खेळाडूनं खेळापायी काय काय सोडावं, याचं एवढं मोठं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही. त्याच संघात होते ध्यानचंद. १९२२ साली सैन्यात शिपाई म्हणून भरती झालेले, हॉकी शिकले तीही पलटणीत. १९२६ साली सैन्याचा संघ न्यूझीलंडला गेला, २१ पैकी १८ सामने जिंकून आला आणि या शिपायाचं नाव झालं. पदवीधर कर्णधार आणि शिपाई सेंटर फॉरवर्ड, दोघांनी मिळून पहिलं सुवर्ण आणलं. जयपालसिंग मात्र अंतिम सामन्याआधीच संघातून बाहेर पडले होते, तो वेगळा आणि जरा कडवट विषय आहे.

ध्यानचंदांचे धाकटे भाऊ रूपसिंग ग्वाल्हेरला शिंद्यांच्या सैन्यात होते. १९३२ साली लॉस एंजेलिसला भारतानं अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यातले १० गोल रूपसिंगांचे. म्हणजे एका मराठा संस्थानानं हॉकी पोसली होती. कोल्हापूरच्या दरबारानं आपली ताकद कुस्तीच्या मागे लावली. खासबाग मैदान १९१२ चं. फुटबॉल पेठांनी उचलला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशी नावं घुमतात ती तालमींची. हॉकीच्या पाठीशी तशी पेठ उभी राहिली नाही, त्यामुळे इथल्या हॉकीला शाळा-कॉलेजचाच आधार मोठा. हॉकीवाला कोल्हापूरकर कॉलेजच्या पोराची बाजू एवढ्या तळमळीनं घेतो, त्याचं मूळ मला तरी इथे दिसतं.

फाळणीपूर्वीच्या भारतात कॉलेज हॉकीचा खरा तोरा होता लाहोर, अमृतसर आणि अलिगढला. तिथले आंतरमहाविद्यालयीन सामने शहराचा सण असत. बलबीरसिंग सीनियर याच वातावरणातले. अमृतसरच्या खालसा कॉलेजात प्रशिक्षक हरबेलसिंगांनी त्यांना घडवलं आणि पंजाब विद्यापीठाकडून ते लागोपाठ आंतरविद्यापीठ विजेते ठरले. मग पंजाब पोलिसांच्या गोऱ्या इन्स्पेक्टर जनरलला, सर जॉन बेनेटना, हा पोरगा आपल्या संघात हवा झाला. बलबीर तयार नव्हते. घर स्वातंत्र्यलढ्यातलं, ब्रिटिशांच्या पोलिसात कोण जाणार? ते दिल्लीला निघून गेले, तर त्यांना बेड्या घालून परत आणलं, असं ते स्वतः सांगत. भारतीय हॉकीत खेळाडूंची उचलाउचल किती जुनी आहे ते यावरून कळावं. लीगच्या लिलावात निदान बेड्या नसतात.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात याच बलबीरनी नेदरलँड्सविरुद्ध ५ गोल मारले. भारत ६-१ जिंकला. त्याच आठवड्यात, त्याच हेलसिंकीत, आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य घेतलं. खाशाबा राजाराम कॉलेजचे. त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ आहे. दोघांच्या पुढच्या वाटा मात्र शेजारी ठेवून सहसा कोणी बघत नाही. बलबीर ऑलिंपिकच्या आधीच पोलिसात होते, पगार चालू, सराव चालू. खाशाबा पदक घेऊन आल्यावर तीन वर्षांनी, १९५५ साली, फौजदार म्हणून पोलिसात लागले. पंजाबनं खेळाडू हेरून त्याला आधी नोकरी दिली, आपण खेळाडूला पदकानंतरही थांबवलं. पुढच्या काही दशकांत पंजाब आणि महाराष्ट्र यांच्या हॉकीत जी तफावत दिसते, तिचं एक कारण मला या तीन वर्षांत दिसतं.

स्वातंत्र्यानंतर डिपार्टमेंटचे संघ फोफावले. सर्व्हिसेस, रेल्वे, पंजाब पोलीस, सीमा सुरक्षा दल, इंडियन एअरलाइन्स. मुंबईत टाटा, महिंद्र आणि दोन्ही रेल्वे. कॉलेज संपता संपता ट्रायल द्यायची, नोकरी लागली की सकाळी हजेरी आणि संध्याकाळी मैदान. ऑलिंपिकचा नियम तेव्हा हौशी खेळाडूंचा होता, त्यामुळे कागदावर हे सगळे हौशीच. पगार मिळायचा कारकून किंवा हवालदार म्हणून, स्टिक चालवायचा नव्हे. हे ढोंग भारताचं एकट्याचं नव्हतं. रशियाचा बर्फावरच्या हॉकीचा संघ असाच, नावाला सैन्यातले अधिकारी आणि बारा महिने खेळाडू. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या पोरांनी त्यांना ४-३ हरवलं. ती पोरं बहुतेक मिनेसोटा आणि बोस्टनच्या विद्यापीठांतली. कॉलेजची जिद्द पगारदारांवर भारी पडते, या समजुतीला त्या एका रात्रीनं जेवढं खतपाणी घातलं तेवढं दुसऱ्या कशानं घातलं नसेल. पण पुढचं सोयीस्करपणे विसरलं जातं: त्या संघातले बरेच जण लगेच तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये गेले, आणि १९९८ पासून तर त्या लीगचे खेळाडूच ऑलिंपिकला उतरू लागले. तिथे विद्यापीठ ही व्यावसायिक हॉकीची थेट पायरी आहे. आपल्याकडे ती पायरी होती नोकरीची, आणि तीही मधेच निखळली.

निखळली ती १९७६ नंतर. माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. एक वर्ष आधी, १९७५ साली, आपण विश्वचषक जिंकलो होतो. मातीवर चेंडू उसळतो, तो थोपवायला आणि खेळवायला मनगट लागतं. टर्फवर चेंडू सपाट आणि सुसाट येतो, तिथे धाव आणि दमसास लागतो. हे सगळं बोलून झालेलं आहे. कमी बोललं गेलं ते कॉलेजांबद्दल. टर्फ घालणं आणि राखणं हे एखाद्या शिक्षणसंस्थेच्या आवाक्यातलं काम नव्हतं. सरकारनं टर्फ घातलं ते मोजक्या ठिकाणी, त्याला जोडून वसतिगृहं काढली, आणि चांगली मुलं चौदाव्या-पंधराव्या वर्षीच तिकडे जाऊ लागली. क्रीडाप्रबोधिनी, साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) केंद्रं, स्पोर्ट्स होस्टेल. नेहरू हॉकी स्पर्धेत शाळेकडून चमकलेला मुलगा कॉलेजच्या संघात येईपर्यंत हातचा गेलेला असतो. गेला नाही तरी तो नाव कॉलेजात घालतो आणि खेळतो अकादमीकडून.

म्हणून आज कॉलेजचा सामना बघून ‘पूर्वीची मजा नाही’ म्हणणाऱ्यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यांनी केलेलं निदान चुकीचं आहे. पोरं आळशी झाली नाहीत. मैदान बदललं आणि गळती वरच्या वर्गाऐवजी खालच्या वर्गातच सुरू झाली. जे उरतात त्यांच्यापुढे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी भरतीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्रासाठी खेळणाऱ्याला नाकं मुरडणारे स्वतः कुठल्या कोट्यातून लागले ते एकदा विचारायला हवं.

पैशाच्या आरोपाकडे वळू. त्या आरोपाला सगळ्यात जास्त तोंड दिलं ते धनराज पिल्लेंनी. पुण्याच्या खडकीचा, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला मुलगा, कॉलेजच्या वाटेनं नव्हे तर मुंबईच्या महिंद्र संघातून वर आला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. मधल्या काळात लंडन, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया, ढाका इथल्या क्लबांकडून पैसे घेऊन खेळला. १९९८ साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं आशियाई सुवर्ण जिंकलं आणि परत आल्यावर त्याच्यासह काही खेळाडूंना संघातून वगळलं गेलं. खेळाडूंनी भत्त्यांचा प्रश्न काढला होता. अधिकृत भाषेत ती ‘विश्रांती’ होती. परदेशी क्लबचा पैसा घेणाऱ्या या माणसाला मैदानावर अंगचोरी करताना कोणी पाहिलं असेल तर त्यानं पुढे यावं.

जानेवारी २०१० मध्ये हाच प्रश्न बालेवाडीत पेटला. दिल्लीतला विश्वचषक तोंडावर असताना थकलेल्या मानधनासाठी खेळाडूंनी सराव शिबिरावर बहिष्कार टाकला. तेव्हा लोकांची सहानुभूती खेळाडूंच्या बाजूनं होती, हे नोंदवायला हवं.

लीगची कथा थोडक्यात सांगण्यासारखीच आहे, कारण ती तुटक आहे. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग आली. धनराज मराठा वॉरियर्सकडून खेळला, सामने ३५ मिनिटांच्या दोन डावांऐवजी चार भागांत झाले, आणि २००८ नंतर लीग बंद. २०१२ ची वर्ल्ड सीरिज हॉकी एकच हंगाम टिकली. त्यात पुणे आणि मुंबईचे संघ होते. त्यानंतर २०१३ ते २०१७ हॉकी इंडिया लीग, मुंबईचा संघ एकदा नाव बदलून. मग सात वर्षांची सुट्टी. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे ८ संघ होते, महिलांचे ४, आणि महाराष्ट्राचा एकही नाही. लिलावात हरमनप्रीतसिंगवर ७८ लाखांची बोली लागली, सर्वांत मोठी. हे हरमनप्रीत पंजाब पोलिसात डीएसपी आहेत. म्हणजे देशातला सगळ्यात महाग व्यावसायिक हॉकीपटूही शेवटी बलबीरसिंगांच्याच डिपार्टमेंटचा. लीग कधीही बंद पडू शकते हे ज्यानं पाहिलंय, तो नोकरी कशाला सोडेल?

कोल्हापुरात पैशाबद्दलचा राग थोडा फुटबॉलमधूनही आला आहे. तालमींच्या संघांनी बाहेरचे, आफ्रिकेतलेही खेळाडू आणले आणि पेठेच्या पोराला बाकावर बसावं लागलं. त्यावर बरीच वादावादी झाली. तो राग समजण्यासारखा आहे, पण तो उचलून हॉकीवर लावला की गणित फसतं. हॉकीत बाहेरून कोणी पैसेवाला आलेला नाही, आपलीच मुलं बाहेर गेली आहेत. इथल्या नेमबाजीकडे पाहिलं तर जास्त कळतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य घेतलं, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. तो हौशी की व्यावसायिक, असं त्याच्या मिरवणुकीत कोणी विचारलं नाही.

महिला हॉकीत हा वाद तर जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि त्यामागे कौतुकापेक्षा दुर्लक्ष जास्त आहे. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या तिघी सातारा जिल्ह्यातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्याच हद्दीतल्या. तिघींनी भारताची जर्सी घातली. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीत झाला. ओडिशा वॉरियर्सनी सूरमा हॉकी क्लबला २-१ हरवलं. ओडिशाचे दोन्ही गोल ऋतुजाचे.