ई-मेलमधली लिंक उघडत नाही? आधी एवढे करून पाहा

“लिंकवर क्लिक करतो, पण काहीच होत नाही,” ही तक्रार घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांनी तोवर तीच लिंक दहा-वीस वेळा दाबलेली असते. काहींनी तर ई-मेलचा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकलेला असतो. एवढा खटाटोप सहसा लागत नाही. दोष लिंकमध्ये आहे की तुमच्या संगणकात, हे आधी ठरवायचे आणि मगच हात घालायचा.

त्यासाठी लिंकवर माउसचे उजवे बटण दाबा (मोबाइलवर बोट दाबून धरा) आणि ‘कॉपी लिंक’ निवडा. निळी अक्षरे सिलेक्ट करून कॉपी करू नका, कारण वर दिसणारी अक्षरे एक आणि त्यांच्यामागचा पत्ता दुसराच, असे होऊ शकते. कॉपी केलेला पत्ता नोटपॅडमध्ये पेस्ट करून वाचा. ओळखीचा असेल तरच ब्राउझरमध्ये टाका.

ब्राउझरमध्ये पान उघडले तर

लिंक ठीक आहे, मधला दुवा तुटला आहे. ई-मेलचा प्रोग्रॅम सहसा वेबपान स्वतः उघडत नाही. तो पत्ता विंडोजच्या हवाली करतो आणि विंडोज तो डिफॉल्ट ब्राउझरकडे, म्हणजे लिंक उघडण्यासाठी ठरवून ठेवलेल्या ब्राउझरकडे, पाठवते. एखादा ब्राउझर काढून टाकला, पण त्याच्या नोंदी मागे राहिल्या, की विंडोज नसलेल्या ब्राउझरला शोधत बसते. म्हणून आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: गेल्या काही दिवसांत कुठला ब्राउझर काढला किंवा नवा टाकला का?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, ‘अ‍ॅप्स’मध्ये ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’वर जा, आपल्या ब्राउझरचे नाव निवडा आणि वरचे ‘सेट डिफॉल्ट’ बटण दाबा. तुमचाच ब्राउझर आधीपासून डिफॉल्ट दिसत असला तरी थांबू नका. एकदा दुसरा ब्राउझर डिफॉल्ट करा, मग पुन्हा आपला करा. त्याने बिघडलेल्या नोंदी नव्याने लिहिल्या जातात आणि पुष्कळदा काम तिथेच होते.

आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा ई-मेल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना कधी कधी ‘या संगणकावरील निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द झाली, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा’ अशा अर्थाची पाटी दिसते. घरच्या संगणकावर कसला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर? माणूस घाबरतो, व्हायरस शिरला असे समजतो. घरच्या संगणकावर या पाटीमागे बहुधा वर सांगितलेलाच बिघाड असतो. ऑफिसच्या संगणकावर मात्र निर्बंध खरोखर लावलेले असू शकतात; तिथे आधी ऑफिसच्या आयटी विभागाला विचारा. लिंक उघडते, पण नको त्या ब्राउझरमध्ये, असे असेल तर आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली लिंक कुठे उघडायच्या याची वेगळी सोय आहे का ते पाहा.

मोबाइलवरही डिफॉल्ट ब्राउझर तपासा. आयफोनवर तो बदलण्याची सोय २०२० च्या आयओएस १४ पासून आहे. अँड्रॉइडवर क्रोम आणि ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ अपडेट करून घ्या, कारण अ‍ॅपच्या आतच उघडणारी पाने या वेबव्ह्यूच्या आधारावर चालतात.

ब्राउझरमध्येही पान उघडत नसेल तर

लिंक अर्धवट आहे का ते नीट पाहा. साध्या मजकुराच्या ई-मेलमध्ये लांब पत्ता दोन ओळींत तुटतो, पहिलीच ओळ निळी होते आणि क्लिक केल्यावर अर्धाच पत्ता जातो. नोटपॅडमध्ये दोन्ही तुकडे जोडा, मधली रिकामी जागा काढा. पत्त्याच्या शेवटी वाक्याचा पूर्णविराम किंवा कंस चिकटला असेल तर तोही काढा.

पासवर्ड बदलण्याच्या लिंकला मुदत असते आणि ती बहुधा एकदाच चालते. काही ऑफिसांत सुरक्षेची यंत्रणा आलेली प्रत्येक लिंक स्वतः उघडून तपासते. तेवढ्यात ती ‘वापरली’ जाते आणि तुम्ही पहिल्यांदाच क्लिक करूनही ‘लिंक संपली’ असे उत्तर येते. अशा वेळी नवी लिंक मागवा आणि सर्वांत शेवटी आलेलीच वापरा.

एकही सुरक्षित साइट उघडत नसेल, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे येत असेल, तर खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. एका ग्राहकांचा संगणक रोज सकाळी काही वर्षे मागे जायचा. साइट खरी असल्याचे ब्राउझरला पटवणाऱ्या प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. संगणकाच्या तारखेनुसार ती अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून ब्राउझर साइट नाकारत होता. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलला आणि सगळ्या लिंक उघडू लागल्या. त्याआधी त्यांनी इंटरनेटवाल्यांशी बरेच दिवस वाद घातला होता.

लिंक मुद्दाम बंद केलेली असेल तर

आउटलुक जंक फोल्डरमधल्या ई-मेलच्या लिंक बंद ठेवते. तो बिघाड नाही. केवळ लिंक चालावी म्हणून असा ई-मेल इनबॉक्समध्ये हलवू नका. आधी पत्ता वाचा: ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेषांपासून पुढच्या पहिल्या तिरप्या रेषेपर्यंतचा भाग घ्या आणि त्याचा शेवट पाहा. साइटचा खरा मालक शेवटाकडे कळतो. सुरुवातीला बँकेचे नाव कुणीही लिहू शकतो. शंका आली तर लिंक सोडून द्या आणि बँकेचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा.

एवढे करूनही अडले तर आम्हाला फोन करा. स्क्रीनवर आलेल्या पाटीचा फोटो जवळ ठेवा आणि पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर काय झाले तेही सांगा. पासवर्ड आणि ओटीपी आम्हालाही सांगू नका. या दुरुस्तीला त्यांची गरज पडत नाही.