गाजरगवतावरचा भुंगेरा पिकांवर येतो का?

‘गाजरगवत संपलं की त्यावरचे भुंगेरे उभ्या पिकांचा फडशा पाडतात’ हा मजकूर पावसाळा आला की फिरू लागतो. शंका रास्त आहे. भुकेला किडा काहीही खाईल असंच वाटतं.

हा मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा बायकोलोराटा. गाजरगवत आटोक्यात आणायला 1984 मध्ये तो भारतात सोडला गेला. पांढुरके पंख, त्यांवर तपकिरी नागमोडी रेषा, लांबी जेमतेम 6 मिलिमीटर. मादी अंडी घालते ती मुख्यतः गाजरगवतावर, पिवळ्या अळ्या त्याचाच पाला खाऊन वाढतात. गवत वाळलं की भुंगेरे जमिनीत शिरून सुप्त राहतात, पावसाबरोबर पुन्हा वर येतात.

मग अफवा उठली कशी? सूर्यफुलाची पानं त्यांनी कुरतडल्याचं खरोखर दिसलं होतं. पानांवर गाजरगवताचे परागकण पडले की भुंगेऱ्यांना खायची चेतना मिळते, असं अभ्यासात आढळलं. पण गाजरगवताशिवाय त्यांची पिढी टिकत नाही.

पडताळा सोपा आहे. जाळी लावलेल्या बरणीत ज्वारीचं आणि गाजरगवताचं ताजं पान ठेवून चार भुंगेरे सोडा. दोन दिवसांनी चाळण कोणत्या पानाची झाली ते बघा. शेतात नुसता भुंगेरा दिसणं पुरेसं नाही, पानाखाली अंडी-अळ्या आहेत का तेही तपासा.