जुने वस्तरे : शेफील्डच्या मालाची ओळख आणि कालनिर्णय

मिटून मुठीत बसणारा दाढीचा वस्तरा अठराव्या शतकापासून युरोपात घरोघरी होता, न्हाव्याच्या हाती तर होताच. १९०३ मध्ये जिलेटचा पत्तीचा रेझर विक्रीला आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वस्तऱ्याची घरगुती मागणी ओसरली. आज जुन्या बाजारात आणि संग्रहांत दिसणाऱ्या वस्तऱ्यांपैकी फार मोठा भाग इंग्लंडमधल्या शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचा असतो. या नोंदीत भर शेफील्डवर आहे.

वस्तऱ्यावर तो घडवल्याचे साल कोरलेले नसते. इंग्लंडात चांदीच्या भांड्यांवर वर्ष दाखवणारे अक्षर ठोकत, पोलादाला तशी सोय नव्हती. त्यामुळे शिक्का, पात्याचा घाट, पात्याची घासणी (म्हणजे त्याची दोन्ही अंगे घासून दिलेला छेद) आणि मूठ या चारांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. यातला एक नियम कधीही सोडू नये: एका वस्तूवर निरनिराळ्या काळांच्या खुणा असतील, तर सर्वांत उशिराची खूण तिचा काळ ठरवते, सर्वांत जुनी नव्हे.

शिक्का पात्याच्या मागच्या दांड्यावर, म्हणजे पाते मुठीत फिरते त्या खिळ्याच्या अलीकडे, ठोकलेला असतो. शेफील्डच्या कारागिरांची संस्था, कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर, १६२४ च्या कायद्याने स्थापन झाली. खुणा देणे आणि त्यांची नोंद ठेवणे हे तिचे काम. खूण ही मालमत्ता होती; ती वारशाने जाई, विकली जाई. हौशी संग्राहक नेमके इथेच फसतात. 'आय एक्स एल' ही प्रसिद्ध खूण १७८७ मध्ये नोंदली गेली आणि पुढे जॉर्ज वोस्टनहोमच्या कारखान्याकडे आली. ती विसाव्या शतकातल्या मालावरही आहे. तेव्हा 'आय एक्स एल' दिसले म्हणून वस्तरा १७८७ चा ठरत नाही. त्याआधीचा मात्र तो नक्कीच नसतो. नावापुढे 'अँड सन' किंवा 'अँड सन्स' कधी लागले, कारखान्याचा पत्ता कोणता आहे, हे जुन्या व्यापारी सूचींशी पडताळले की काळाची चौकट पुष्कळ आवळते. १७८७ ची शेफील्डची सूची या कामी विशेष मोलाची आहे, कारण तिच्यात कारागिरांच्या नावांसोबत त्यांच्या खुणाही छापल्या आहेत.

राजचिन्ह हा त्याहून सोपा पुरावा. मुकुटाच्या दोन बाजूंना 'डब्ल्यू' आणि 'आर' असतील तर राजा चौथा विल्यम, म्हणजे १८३० ते १८३७ ही अवघी सात वर्षे. 'व्ही आर' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. 'जी आर'वर एकट्यावर विसंबू नये, कारण जॉर्ज नावाचे राजे १८३० पूर्वीही झाले आणि १९१० नंतरही.

देशाचे नाव हा तिसरा धागा. शेफील्डच्या नावाने जर्मन माल खपवला जातो, ही तिथल्या कारखानदारांची जुनी तक्रार होती. १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने फसव्या खुणांना आळा घातला. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानुसार, तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे पुढच्या वर्षापासून सक्तीचे झाले. म्हणून 'व्ही आर'सोबत 'इंग्लंड' असेल, तर वस्तरा बहुधा १८९१ ते १९०१ या दशकातला. उलट बाजूने हा निष्कर्ष काढता येत नाही: देशाचे नाव नसलेला वस्तरा जुनाच असतो असे नाही, कारण घरच्या किंवा इतर बाजारांसाठीच्या मालाला ती सक्ती नव्हती. झोलिंगेनच्या मालावरचे 'डी आर जी एम' हे नोंदणीचे लघुरूप १८९१ पासूनचे, आणि 'वेस्ट जर्मनी' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा माल.

पोलादाचे नावही बोलते. बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. 'कास्ट स्टील' हा शिक्का त्या पोलादाची जाहिरात. 'सिल्व्हर स्टील'चा संबंध थेट मुंबईपर्यंत पोचतो. १७९० च्या दशकात मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 'वुट्झ' या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांच्या परीक्षणावर निबंध प्रसिद्ध केला. लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यांना हे पोलाद इतके पसंत पडले की त्याचे वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे ते बनवू लागले. मायकेल फॅरडे यांच्याबरोबर त्यांनी १८२० च्या सुमारास पोलादात चांदी आणि इतर धातू मिसळून प्रयोग केले. शेफील्डच्या कारखानदारांनी ते नाव उचलले. त्यामुळे 'सिल्व्हर स्टील' लिहिलेला वस्तरा १८२० च्या आधीचा मानू नये. त्यात चांदी असेलच असे मात्र नाही. बऱ्याचदा ते नुसते विक्रीचे नाव असे. शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लींचे स्टेनलेस पोलाद १९१३ चे, तेव्हा 'स्टेनलेस' लिहिलेला वस्तरा त्यानंतरचा.

शिक्का झिजून गेला असेल तर घाट पाहावा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पात्यांना खिळ्यामागे शेपटी जवळजवळ नसते. शतक संपता संपता आखूड शेपटी येते आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ती लांब होऊन वर वळते, कारण बोट टेकायला तिचा आधार मिळतो. जुन्या पात्यांत दांडा आणि धार यांच्यामध्ये ठसठशीत खांदा नसतो. १८३० च्या आसपासची पाती रुंद, जड आणि पाचरीसारख्या छेदाची असतात. दोन्ही अंगे खोलवर पोखरलेली पातळ पाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाली. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. मोजताना झीज ध्यानात घ्यावी. वर्षानुवर्षे दगडावर धार लावलेल्या पात्याच्या पाठीवर सपाट, चकाकणारी पट्टी उमटते; अशी पट्टी रुंद असेल तर पाते मुळात आजच्यापेक्षा बरेच रुंद होते.

मूठ हा सर्वांत कच्चा पुरावा, कारण ती सहज बदलता येते. शिंग, हाड, हस्तिदंत आणि कासवाची पाठ ही जुनी द्रव्ये. सेल्युलॉइड १८७० नंतरचे आणि बेकेलाइट १९०७ नंतरचे. हाडावर बारीक काळसर ठिपके किंवा रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी असते. नकली हस्तिदंती सेल्युलॉइडवरच्या रेघा फार नियमित असतात आणि अंगठ्याने जोरात घासल्यास कापराचा वास येतो. मूठ मूळची आहे का, हे पाहायला पाते मिटून बघावे: टोक बाहेर डोकावत असेल, किंवा खिळ्याभोवती पूर्वीच्या मोठ्या चकतीचा फिकट वर्तुळाकार ठसा असेल, तर मूठ किंवा खिळा नंतरचा.

साफसफाईत या पुराव्याचे सर्वांत मोठे नुकसान होते. कोकणातल्या दमट हवेत राहिलेला वस्तरा लोक शिकलगाराकडे देतात. फिरत्या चाकावर शिकल करून तो लखलखीत होतो आणि शिक्क्याची अक्षरे व पात्यावरचे आम्लाने कोरलेले चित्र निघून जाते. तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने हलका गंज पुसणे पुरेसे असते. शिक्का वाचायचा तर दिव्याचा उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडावा; अर्धवट झिजलेले अक्षरही त्यात उठून दिसते.

भारतात हस्तिदंताच्या मुठीचा वस्तरा विकत घेताना वा विकताना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आड येतो. वस्तू जुनी असल्याची सबब तिथे चालत नाही. सेल्युलॉइडच्या मुठी काळाने विघटित होऊन आम्लवायू सोडतात आणि त्याने पाते मुठीत मिटलेल्या भागातच खाल्ले जाते, म्हणून असे वस्तरे बाकीच्यांपासून वेगळे, उघडे आणि हवेशीर ठेवतात.