पान्हा, गहिवर आणि बदलापूर फास्ट

संध्याकाळची बदलापूर फास्ट, बायकांचा सेकंड क्लासचा डबा. ठाणं सुटलं तेव्हा चौथ्या सीटवरून, म्हणजे तिघींच्या बाकावर दाटीने मिळणाऱ्या चौथ्या जागेवरून, दोघींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. तेवढ्यात दाराजवळची एक मुलगी घामाघूम होऊन मटकन खाली बसली. भांडणातल्या एकीने तोंडातलं वाक्य अर्धंच टाकलं, उठली, "सरका गं, वारा लागू दे तिला" म्हणत मुलीला स्वतःच्या जागेवर बसवलं आणि ओढणीने वारा घालू लागली. मागून पाण्याची बाटली हातोहात पुढे आली, पाठोपाठ लिमलेटची गोळी. मी नुसती बघत होते. तरी माझा गळा दाटून आला.

मदत केली एकीने, मिळाली दुसरीला. मग माझा गळा का दाटावा? आपल्याकडे याला गहिवर म्हणतात. मानसशास्त्राने मात्र याच्याकडे नीट बघायला एकविसावं शतक उजाडू दिलं. भीती, राग, किळस यांवर ढिगाने संशोधन झालं होतं. दुसऱ्याचा चांगुलपणा पाहून छातीत ऊब दाटते, त्या भावनेला जोनाथन हाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००० च्या सुमारास 'एलिव्हेशन' असं नाव दिलं. पुढे ॲलन फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच हेलावून जाण्यासाठी थेट संस्कृतातून 'काममूता' हा शब्द उचलला आणि १९ देशांतल्या लोकांना विचारून पाहिलं. डोळ्यांत पाणी, अंगावर काटा, छातीत ऊब या खुणा ठिकठिकाणी सापडल्या. कीर्तनात अष्टसात्त्विक भाव ऐकत आलेल्यांना यात फार नवल वाटू नये. रोमांच आणि अश्रू त्या यादीत आहेतच.

पण अंगावर काटा आला, असं माणूस सांगतो. ते मोजायचं कसं? हाइट आणि त्यांची विद्यार्थिनी जेनिफर सिल्व्हर्स यांनी २००८ मध्ये छापलेला प्रयोग मला यासाठीच फार आवडतो. त्यांनी अंगावर पाजणाऱ्या आयांना बाळांसह प्रयोगशाळेत बोलावलं. काहींना मन हेलावणारी चित्रफीत दाखवली, काहींना विनोदी. हेलावणारी चित्रफीत पाहणाऱ्या जवळपास निम्म्या आयांना पान्हा फुटला किंवा त्यांनी बाळाला पाजायला घेतलं. विनोद पाहणाऱ्यांत अशा अगदी थोड्या. पान्हा फुटण्यामागे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक असतं, म्हणजे गहिवरातही त्याचा हात असावा असा तर्क. तर्कच, रक्तातलं ऑक्सिटोसिन कोणी मोजलं नव्हतं. 'मायेचा पान्हा' हे आपण अलंकार म्हणून बोलतो, आणि इथे ते खरोखरचं दूध निघालं.

नुसतं बघितल्याने माणूस हलतो का? २०१० मध्ये सिमोन श्नाल आणि सहकाऱ्यांनी अशीच चित्रफीत दाखवून झाल्यावर लोकांना एका कंटाळवाण्या कामात मदत मागितली. कंटाळा आला की थांबायची मुभा होती. गहिवरलेले लोक इतरांच्या साधारण दुप्पट वेळ बसून राहिले.

डब्याच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रयोग मात्र जुना आहे, १९६९ मध्ये छापलेला, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला. इर्व्हिंग पिलियाव्हिन आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम फास्ट गाडी निवडली, साडेसात मिनिटं मध्ये स्टेशन नाही. प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकजण मुद्दाम डब्यात कोसळायचा, कधी हातात काठी घेऊन, कधी अंगाला दारूचा वास लावून. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा कोणी न सांगता मदत मिळाली, 'दारुड्या'ला ३८ पैकी १९ वेळा. या ८१ प्रसंगांपैकी सुमारे ६० टक्के वेळा मदतीला एकापेक्षा जास्त माणसं आली. त्यांना गहिवर आला होता की पहिल्याला पाहून नुसता संकोच गळाला, हे या आकड्यांवरून कळत नाही. माझ्या मते दुसरंच जास्त. लिमलेटच्या गोळीआधी बाटली यावी लागते, आणि बाटलीआधी कुणीतरी उठावं लागतं.

'दारुड्या'चा आकडा मला टोचतो. मुलीच्या जागी कुणी झिंगलेली बाई असती, तर ओढणी हलली असती का? निम्म्या वेळा, असं न्यूयॉर्क म्हणतं.

डोंबिवली आली. मुलगी सावरली होती. तिला कल्याणला उतरायचं होतं. वारा घालणारी तिच्याशेजारी, चौथ्या सीटवर टेकली आणि समोरचीकडे वळून म्हणाली, "हां, तर मी काय म्हणत होते?"